ट्रान्सिल्वानिया: नाव लॅटिन, पण ठेवलं कोणी?

गावकूस

रोमानियाच्या ट्रान्सिल्वानिया प्रांतात तुर्दा नावाचं गाव आहे. तिथे मिठाची जुनी खाण आहे. आता मीठ काढत नाहीत, तिकीट काढून माणसं खाली उतरवतात. खाली एवढी पोकळी की आत आकाशपाळणा उभा केलाय, आणि त्याच्याही खाली खारं तळं, त्यात वल्ह्याच्या होड्या. भिंतींवर काळे-पांढरे पट्टे, लाकडाच्या चिरेवर असतात तसे. मी बोट लावून चाटून पाहिलं. (सगळेच चाटतात, कबूल कोणी करत नाही.) कामानिमित्त दीड वर्ष तिथल्याच क्लुझ शहरात होतो, तेव्हाची गोष्ट.

सोबतचा सहकारी म्हणाला, "आमच्या प्रांताचं नाव पहिल्यांदा कागदावर चढलं ते या मिठापायी." मला वाटलं, पाहुण्याला सांगायची थाप. नंतर शोधलं तर खरं निघालं. १०७५ साली हंगेरीच्या पहिल्या गेझा राजाने एका मठाला दानपत्र दिलं. मठ आजच्या स्लोव्हाकियात. दानात तुर्दाच्या मीठकराचा वाटा आहे, आणि तुर्दाचा किल्ला कुठे, तर 'उल्ट्रा सिल्वाम'. सिल्वा म्हणजे जंगल, उल्ट्रा म्हणजे पलीकडे. पुढे 'उल्ट्रा'च्या जागी त्याच अर्थाचा 'ट्रान्स' रुळला आणि झालं ट्रान्सिल्वानिया.

तोवर माझी पक्की समजूत होती की हे नाव रोमनांनी ठेवलं. लॅटिन नाव, रोमानिया देश, आणि दुसऱ्या शतकात तिथे खरोखरच रोमन राज्य. दोन अधिक दोन चार. पण रोमनांनी तो मुलूख जिंकला इ.स. १०६ मध्ये आणि २७५ च्या आत सोडलाही. त्यांच्या लेखी तो 'डाशिया'. 'जंगलापलीकडे' हे नाव त्यांच्या मागाहून आठशे वर्षांनी येतं, आणि तेही हंगेरीच्या राजाच्या कागदात.

गंमत शेजाऱ्यांकडे आहे. हंगेरियन लोक त्याच प्रांताला म्हणतात एर्देय. रोमानियन माणूस पुस्तकात ट्रान्सिल्वानिया लिहितो, पण घरात बोलताना आर्देआल. तुर्की एर्देल. जर्मन मात्र भलतंच, झीबेनब्युर्गेन, म्हणजे सात गढ. पोलिश, चेक, स्लोव्हाक मंडळी जर्मनांच्या मागे: श्येद्म्योग्रुद, सेद्मिह्राद्स्को, सेद्मोह्राद्स्को, सगळीकडे तेच 'सात गढ'. एका मुलखाची दोन नावं, आणि निम्मा युरोप इकडे, निम्मा तिकडे.

धागा काढायचं कारण: नाव लॅटिन असणं आणि नाव रोमन असणं यात आपण गल्लत करतो का? आणि 'पलीकडे' म्हणणारा माणूस नक्की उभा कुठे होता?

(ड्रॅक्युला या रक्तपिपासू सरदाराचे विनोद आधीच टाकून घ्या, म्हणजे मोकळे होऊ.)

---

चकली_दाणे

विनोद नाही, पण प्रश्न आहे. पेनसिल्वानियातलं सिल्वानिया तेच का? तिथेही कोणी पलीकडे गेलं होतं का?

---

गावकूस

@चकली_दाणे, सिल्वा तेच, पलीकडे कोणी नाही. १६८१ च्या सनदेतलं नाव आहे ते. सनद ज्याला मिळाली त्या विल्यम पेनला नुसतं 'सिल्वानिया' चाललं असतं. इंग्लंडच्या राजाने त्याच्या आरमारी अधिकारी असलेल्या वडिलांच्या मानासाठी पुढे 'पेन' जोडलं. पेनचं जंगल. पेन बिचारा संकोचला होता म्हणे, लोक म्हणतील स्वतःचंच नाव लावून घेतलं.

---

शंकासूर

लेख चांगला, पण घाई झालेली दिसते. १०७५ ला पहिला उल्लेख *सापडतो*, म्हणजे त्याआधी नाव नव्हतंच हे कशावरून? रोमन दीडशे वर्षांवर तिथे होते. त्यांची भाषा आजही तिथे बोलतात. रोमानियन ही लॅटिनचीच लेक. मग नावही लॅटिनमधूनच खाली आलं असेल, राजाच्या कारकुनाने फक्त टिपून घेतलं. आपल्याकडे नाही का, गाव हजार वर्षांचं आणि पहिला कागद पेशवाईतला.

---

गावकूस

@शंकासूर, मुद्दा रास्त आहे, मीही इथेच अडलो होतो. मग शब्दच तपासला.

रोमानियन भाषेत जंगलाला रोजचा शब्द 'पदुरे'. हाही लॅटिनच, पण सिल्वाशी संबंध नाही. मूळ शब्द 'पालुस' (षष्ठीत 'पालुदिस'), अर्थ दलदल. द आणि ल यांची अदलाबदल झाली, ल चा र झाला, आणि दलदलीचं जंगल झालं. म्हणजे ज्यांच्या तोंडात लॅटिन दोन हजार वर्षं घोळली त्यांनी जंगलासाठी सिल्वा ठेवलाच नाही.

दुसरं. तोंडातून तोंडात आलेल्या लॅटिन शब्दांत रोमानियनने 'ल्व' आणि 'र्व' यांचे 'ल्ब' आणि 'र्ब' करून टाकले. हरीण: लॅटिन केर्वुस, रोमानियन चेर्ब. डोमकावळा: कोर्वुस, कोर्ब. सिल्वापासूनचं 'सिल्वातिकुस', म्हणजे रानटी, त्याचं झालं 'सल्बातिक'. (इंग्रजी सॅव्हेज, फ्रेंच सोव्हाज ही त्याचीच भावंडं.) आता ट्रान्सि*ल्वा*निया पाहा. 'ल्व' जसाच्या तसा, इस्त्रीची घडीसुद्धा मोडलेली नाही. हा शब्द बोलण्यातून आलेला नाही, दौतीतून आलाय.

---

शंकासूर

चेर्ब, कोर्ब पटलं. तूर्तास शस्त्र खाली. पण म्यान केलेलं नाही.

---

डॅन्यूबकाठची

बुडापेस्टहून लिहितेय, लग्नानंतर सोळा वर्षं इथेच. हंगेरियन बाजू सांगते, चुकलं तर सासरच्यांना विचारून दुरुस्त करीन.

एर्द्यो म्हणजे जंगल. जुन्या हंगेरियनमध्ये 'एल्व' किंवा 'एल्यू' म्हणजे पुढचं, पलीकडचं. एर्द्यो-एल्वे, जंगलापलीकडे. झिजत झिजत एर्देय. साधारण १२०० च्या सुमाराला राजाच्या एका अनामिक कारकुनाने हंगेरियनांचा इतिहास लॅटिनमध्ये लिहिला, 'गेस्ता हुंगारोरूम'. त्यात लॅटिन 'उल्ट्रासिल्वाना' आहेच, पण हंगेरियन रूपही आहे: 'एर्देउएलु'. एकाच ग्रंथात तोच माणूस दोन्ही लिहितो. माझ्या मते इथे प्रश्न मिटतो. लोक एर्द्यो-एल्वे म्हणत होते, कारकून त्याचं लॅटिन करत होता.

आणि हे एकटं नाव नाही. कार्पेथियन डोंगराच्या दक्षिणेला वालाखिया. त्याला जुनं हंगेरियन नाव हॉवॉशएल्वे. 'हॉवॉश' म्हणजे बर्फाचे डोंगर, म्हणजे बर्फाळ डोंगरांपलीकडचा मुलूख. आणि लॅटिन कागदांत त्याचं काय व्हावं? 'ट्रान्सआल्पिना'! आल्प्सचा काही संबंध नाही, आल्प म्हणजे नुसते उंच डोंगर. साचा एकच: जंगलापलीकडे ट्रान्सिल्वानिया, डोंगरापलीकडे ट्रान्सआल्पिना, आणि दोन्हींच्या अलीकडे कोण बसलंय, तर आम्ही, हंगेरीच्या मैदानात.

मैदानातून पूर्वेला पाहिलं की आडवा येतो तो बिहोरकडचा डोंगराळ रानाचा पट्टा. त्याच 'गेस्ता'त त्या रानाला नावही आहे, इग्फोन. त्या रानापलीकडे ते एर्देय.

---

मोडीवाला

मी जुनी कागदपत्रं वाचतो, त्यामुळे गावकूस यांच्या १०७५ च्या दानपत्रावर आधी एक शेरा. त्यात मागाहून मजकूर घातला गेल्याचं तिथले अभ्यासक मानतात. मठांची दानपत्रं आणि आपली वतनपत्रं, जात एकच. सवाई शहाणा नातू पणज्याच्या सनदेत दोन ओळी वाढवतो. तेव्हा '१०७५ म्हणजे १०७५' असं ठोकून सांगू नये. पण डॅन्यूबताईंचा पुरावा त्यावर अवलंबून नाही, म्हणून त्यांचं म्हणणं उभं राहतं.

आता मूळ प्रश्न, लॅटिन म्हणजे रोमन का. आमच्या दप्तरातला कुठलाही कागद काढा. 'मौजे अमुक, तर्फ तमुक, परगणे फलाणे'. मौजे, तर्फ, परगणा, कसबा, सुभा: सगळे अरबी-फारसीतून आलेले. म्हणून कसबे संगमेश्वर अरबांनी वसवलं असं कोणी म्हणत नाही. कारण आपल्याला माहीत आहे की ती दप्तराची भाषा होती. हंगेरीत ती जागा लॅटिनची. आणि किती काळ? आपल्याकडे लोक 'मध्ययुगात' म्हणून सोडून देतात. हंगेरीत लॅटिन हटून हंगेरियन राजभाषा झाली ती १८४४ साली! मधे व्हिएन्नात बसून हंगेरीवर राज्य करणाऱ्या दुसऱ्या योसेफ बादशहाने १७८४ ला लॅटिन काढून जर्मन लादायचा प्रयत्न केला, केवढा गहजब झाला, मरता मरता हुकूम मागे घ्यावा लागला. म्हणजे लॅटिन ही त्यांना परकी वाटत नव्हती, जर्मन वाटत होती.

---

शंकासूर

१८४४? म्हणजे इकडे आगगाडी यायला नऊ वर्षं राहिली होती तेव्हा तिकडे संसदेचं कामकाज लॅटिनमध्ये?

---

डॅन्यूबकाठची

हो. आणि त्या दप्तरी लॅटिनचं माझं सर्वात लाडकं पोर सांगते: पार्टियम.

ट्रान्सिल्वानियाला लागून पश्चिमेला एक पट्टा आहे, ओरादिया शहराच्या आसपासचा. सोळाव्या शतकात ट्रान्सिल्वानियाचा प्रिन्स (राजाहून खालच्या किताबाचा सत्ताधीश) वेगळा झाला, तेव्हा हंगेरीचे काही भागही त्याच्याकडे आले. मग त्याची पदवी अशी: ट्रान्सिल्वानियाचा प्रिन्स आणि हंगेरी राज्याच्या *भागांचा* स्वामी. लॅटिनमध्ये 'भाग' म्हणजे 'पार्तेस', आणि 'भागांचा' म्हणजे 'पार्तिउम'. षष्ठी, अनेकवचन. लोकांनी त्या लांबलचक पदवीतून तेवढाच शब्द उचलला आणि प्रांताचं नाव झालं पार्टियम. आजही तेच नाव. ओरादियात त्या नावाचं विद्यापीठ आहे.

विचार करा, एखाद्या जिल्ह्याचं नाव 'भागांचा'. "कुठले तुम्ही?" "आम्ही भागांचाचे."

---

चकली_दाणे

"आम्ही भागांचाचे" 😂 ऑफिसात मोठ्याने हसले, शेजारची बघतेय.

---

निरगुडी

जर्मन शिकवते, तेव्हा सात गढांचं मी बघते.

बाराव्या शतकाच्या मध्यावर हंगेरीच्या दुसऱ्या गेझा राजाने (पहिला नव्हे) सरहद्द राखायला आणि शहरं वसवायला पश्चिमेकडून माणसं बोलावली. ऱ्हाईन, मोझेल, लक्झेंबर्ग या बाजूची. कागदात त्यांना 'साक्सोनेस' म्हटलं गेलं, म्हणून आजही ट्रान्सिल्वानियाचे सॅक्सन. जर्मनीतल्या सॅक्सनीशी बहुतेकांचा संबंध नव्हता. कारकुनाने एक शब्द लिहिला आणि तो आठशे वर्षं चिकटला.

त्यांनी ठेवलेलं नाव झीबेनब्युर्गेन. झीबेन म्हणजे सात, बुर्ग म्हणजे गढ, तटबंदीचं गाव. कोणते सात, तर सहसा ही यादी देतात: हेर्मानश्टाट (सिबियू), क्रोनश्टाट (ब्राशोव), शेसबुर्ग (सिगिश्वारा), क्लाउझेनबुर्ग (क्लुझ), बिस्ट्रिट्स, मेडियाश, म्युलबाख (सेबेश). लॅटिनमध्ये त्याचंही भाषांतर झालं, 'सेप्तेम कास्त्रा'.

पण ही यादी मागाहून जुळवलेली वाटते. एक मत असं की 'सात' मुळात किल्ल्यांचे नव्हतेच, सॅक्सनांच्या सात न्यायपीठांचे होते. त्या पीठांना 'श्टूल' म्हणत, शब्दशः खुर्ची. आपली 'गादी' तशीच. दुसरं मत आणखी मजेशीर: सिबियूजवळची नदी सिबिन, तिच्या काठचा बुर्ग तो सिबिनबुर्ग, आणि कानाला झीबेन ऐकू आलं म्हणून सात. पहिलं मत मला जास्त पटतं, पण शपथ घेणार नाही. एवढं मात्र खरं की आकडा इतका मुरला की प्रांताच्या चिन्हात सात गढ आले, आणि आज रोमानियाच्या राजचिन्हातही एका कोपऱ्यात ते सात उभे आहेत.

---

साष्टीकर

आकडा म्हटल्यावर मी गप्प कसा बसणार. साष्टी म्हणजे षट्षष्टी, सासष्ट गावं. एक साष्टी आमच्या मडगावची, दुसरी तुमच्या ठाणे-मुंबईची. शेजारी तिसवाडी, तीस वाड्या. पलीकडे बारदेस, बारा देश. आता कोणी म्हणाला सासष्ट गावं मोजून दाखव, तर रात्रभर बसलो तरी जमायचं नाही. निरगुडीताई म्हणतात तसंच असणार. आधी आकडा, मग यादी.

'पलीकडे'ची गोष्ट तर गोव्याला शिकवायला नको. ज्या पोर्तुगिजांनी आमच्यावर साडेचारशे वर्षं राज्य केलं, त्यांच्या देशात एक प्रांत आहे 'त्राझ-ऊश-मोंतिश', डोंगरांमागचा. दुसरा 'आलेंतेझू', तेझू नदीपलीकडचा. दोन्हीत लॅटिन हाडं. आणि आम्ही? घाटापलीकडचा तो घांटी. घाटावरचे आम्हाला काय म्हणतात ते इथे लिहीत नाही, धागा उडेल.

---

मोडीवाला

@साष्टीकर, उडणार नाही, लिहा. 😀

पण तुमच्या मुद्द्याला जोड. कोकणाचं जुनं नाव अपरान्त. अपर म्हणजे पश्चिम, तिकडचं टोक. कोणाच्या पश्चिमेचं टोक? कोकणातल्या माणसाला समोर समुद्र आणि पाठीशी सह्याद्री, तो स्वतःला टोक कशाला म्हणेल. दख्खनचंही तेच, दक्षिण. आपण मोठ्या अभिमानाने दख्खनी म्हणवतो, पण दक्षिणेला आहोत ते उत्तरेत बसलेल्या कोणाच्या तरी. आणि बाबर ज्या मुलखासाठी झुरला तो 'मावरा-उन-नहर', अरबीत 'नदीच्या पलीकडे जे आहे ते'. युरोपियनांनी त्याचं लॅटिन केलं ट्रान्सऑक्सियाना, ऑक्सस म्हणजे ती नदी. समरकंदच्या माणसाला विचारा, तो म्हणेल मी अलीकडेच आहे.

---

शंकासूर

आता तलवार बाहेर. इतका वेळ वाचतोय, सगळा धागा हंगेरियन बाजूने झुकतोय. एर्देय मूळ, आर्देआल उसनं, लॅटिन भाषांतर. म्हणजे रोमानियन लोक तिथे नव्हतेच असं सुचवायचंय का? हा वाद तिकडे किती ज्वलंत आहे माहीत असेल.

---

गावकूस

@शंकासूर, माहीत आहे. क्लुझमध्ये जेवणाच्या टेबलावर एकदा विषय काढला आणि सूप गार होईपर्यंत उतरला नाही.

नाव कोणी ठेवलं आणि राहत कोण होतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मोडीवाल्यांच्या मौज्यासारखे. कागद राजाच्या दप्तरात लिहिला गेला, म्हणून राजाची नजर नावात उतरली. तिथे त्याआधी कोण नांगर धरत होतं याचं उत्तर या नावात शोधायला जाऊ नये. मिळणारच नाही.

आर्देआल हंगेरियनमधून आलं हे बहुसंख्य भाषाभ्यासक मानतात, तिकडचे काही मानत नाहीत. मला पटायचं कारण: सुरुवातीच्या ए चा आ होणं दुसरीकडेही दिसतं. हंगेरियन एर्द्योद नावाचं गाव रोमानियनमध्ये आर्दुद. एर्द्यो तिथेही आहेच. पण म्हणून आर्देआल कमी रोमानियन होतं का? तिकडच्या माणसाला 'आर्देलेआन' म्हटलं की तो खुलतो. संथ बोलणारा, घाई न करणारा, असा त्यांचा लौकिक आहे. त्याच्यावर विनोदही होतात, पुणेकरांवर होतात तसे.

---

ताम्हण

वाचनमात्र होते, पण इथे राहवलं नाही.

लॅटिन तिथे फक्त राज्यकर्त्यांचं हत्यार राहिलं नाही, हेही लिहायला हवं. ट्रान्सिल्वानियात रोमानियन लोक मोठ्या संख्येने होते, पण मान्यताप्राप्त 'राष्ट्रां'मध्ये, म्हणजे राजकीय हक्क असलेल्या गटांमध्ये, त्यांची गणना नव्हती. तिथल्या रोमानियन पाद्री-पंडितांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस आपली भाषा रोमची लेक आहे हे उचलून धरलं. १७८० साली व्हिएन्नात त्यांनी व्याकरण छापलं, तेही लॅटिनमध्ये लिहून. तोवर ती भाषा सिरिलिक लिपीत (रशियन लिहितात त्या) लिहीत, १८६० च्या आसपासपर्यंत लिहीत राहिले. आणि १७९१ साली बादशहाला हक्कांसाठी अर्ज गेला, 'सुप्लेक्स लिबेल्लुस वालाखोरुम', वालाखांचा विनंतीअर्ज. अर्ज लॅटिनमध्ये. मागणी फेटाळली गेली.

त्यात एक बोचणारी गोष्ट आहे. 'वालाख' हे त्यांनी स्वतःला दिलेलं नावच नाही. जर्मानिक लोक परक्याला, त्यातही रोमन बोली बोलणाऱ्याला 'वाल्ह' म्हणत. इंग्लंडशेजारचं वेल्स त्यातूनच, बेल्जियममधले वालून त्यातूनच, वालाखिया त्यातूनच. पोलिशमध्ये इटलीला 'व्होही' म्हणतात आणि हंगेरियनमध्ये इटालियन माणसाला 'ओलॉस', तीही त्याच घराण्यातली. ते स्वतःला म्हणत रुमान, रोमन या शब्दाचीच झिजलेली शकल. आपलं म्हणणं मांडायलाही त्यांना समोरच्याने दिलेलं नाव वापरावं लागलं.

---

निरगुडी

ताम्हण, वाचनमात्र राहू नका हो. आजवर कुठे होतात!

---

शंकासूर

@ताम्हण, धन्यवाद. मला हेच म्हणायचं होतं, फक्त मला माहीत नव्हतं.

---

गावकूस

लॅटिनच्या मोहाची दोन उदाहरणं देतो, दोन्ही मी पाहिलेली.

पहिलं, क्लुझ. हे नाव बहुधा लॅटिन 'क्लुसा'वरून, डोंगरांनी कोंडलेली जागा. त्या जागी रोमनकाळात नापोका नावाचं गाव होतं. १९७४ साली हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीने शहराला अधिकृत नाव दिलं क्लुझ-नापोका. हेतू उघड आहे, पाटीवर रोम दिसलं पाहिजे. विमानाच्या तिकिटावर, कागदांवर नापोका असतं. दीड वर्षात एकाही माणसाच्या तोंडून मी 'नापोका' ऐकलं नाही. बसमध्ये कंडक्टरकडे मागितलं तर तो समजेल, पण बघेल.

दुसरं याहून भारी. आल्बा यूलिया. इथेच १ डिसेंबर १९१८ ला ट्रान्सिल्वानिया रोमानियात सामील झाल्याची घोषणा झाली. आल्बा म्हणजे पांढरी, यूलिया म्हणजे... ज्युलियस सीझरच ना? मी तसंच समजून तटबंदीसमोर फोटो काढला आणि घरी 'सीझरच्या गावातून' असं लिहून पाठवला. रोमन काळातलं तिथलं नाव आपुलुम. हंगेरियन नाव द्युलॉफेहेरवार, द्युलाचा पांढरा किल्ला. द्युला हा हंगेरियन सरदाराचा किताब. कारकुनाने 'द्युला'चं लॅटिन केलं 'यूला', पुढे 'यूलिया'. सीझर कुठेच नाही. फोटो अजून फॅमिली ग्रुपवर आहे, कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

---

चकली_दाणे

म्हणजे या सगळ्या मुलखात अस्सल, तोंडातून तोंडात आलेलं लॅटिन नाव एकही नाही का? एवढी लॅटिन लॅटिन करून?

---

गावकूस

@चकली_दाणे, एक आहे, आणि ते आपल्या ओळखीचं निघेल.

ते रान, ज्याच्या 'पलीकडे' हे सगळं आहे, ज्या डोंगरांत आहे त्यांना रोमानियन म्हणतात मुंत्सी अपुसेनी. 'अपुस' म्हणजे सूर्यास्त, पश्चिम. 'अपुने' म्हणजे मावळणे, आणि हे क्रियापद थेट लॅटिन 'आप्पोनेरे'पासून आलेलं, कुठल्याही कारकुनाचा हात न लागता. पूर्ण नाव भूगोलाच्या पुस्तकाचं असेल, पण 'अपुस' हा शब्द गुराख्याच्या तोंडचा आहे. मावळतीचे डोंगर.

आता पुण्याच्या पश्चिमेला काय आहे?

---

मोडीवाला

मावळ! सूर्य मावळतो तिकडचा मुलूख. बारा मावळ, पुन्हा आकडाही आलाच. काय राव, लोणावळ्याला जाताना आता रोमानिया आठवणार.

---

साष्टीकर

आणि कोकणातून पाहिलं तर तोच मावळ उगवतीला. आमचा सूर्य तुमच्या मावळातून वर येतो.

---

डॅन्यूबकाठची

मी आत्ताच सासूबाईंना फोन केला. त्या देब्रेत्सेनच्या, हंगेरीच्या पूर्व टोकाकडच्या. लहानपणी तिकडच्या नातेवाइकांकडे जायच्या, त्यामुळे रोमानियन थोडं समजतं. विचारलं, "आई, ते अपुसेनी म्हणतात ना, त्याचा अर्थ काय?"

"पश्चिमेचे डोंगर."

"आणि ते आहेत कुठे?"

"कुठे म्हणजे? पूर्वेला."

मग थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "असं कसं गं?"